अवलिया म्हणजे नेमका कोण?

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्मरणिकेत एका निवृत्त शिक्षकांवरील लेखाला मी ‘एक अवलिया शिक्षक’ असे शीर्षक दिले. संपादक मंडळातील एका सदस्यांना ते अनादराचे वाटते, कारण त्यांच्या मते अवलिया म्हणजे विक्षिप्त. हे योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अवलिया हा आदराचाच शब्द आहे. अरबीत ‘वली’ म्हणजे ईश्वराच्या निकटचा, त्याचा सखा, आणि ‘औलिया’ हे त्याचे अनेकवचन. दिल्लीचे सुफी संत निजामुद्दीन (१२३८–१३२५) यांच्या नावापुढे ते आदरार्थी लागले. मराठीने मात्र त्याला एकवचनी करून घेतले आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबा असोत वा शेगावचे गजानन महाराज, भक्तांनी दोघांनाही अवलिया म्हणूनच पूजले. अशा सत्पुरुषांचे चित्त अन्यत्र जडलेले असल्यामुळे त्यांना वस्त्राची, अन्नाची, लोकाचाराची तमा नसे. त्यावरूनच एखाद्या विद्येत किंवा कलेत बुडून गेल्याने जगरहाटीचा विसर पडलेल्या माणसालाही आपण अवलिया म्हणू लागलो.

विक्षिप्त या शब्दात केवळ चमत्कारिक वागणे येते, तर कलंदर म्हटले की मनस्वी बेफिकिरी येते. अवलियाच्या बेफिकिरीमागे मात्र ध्यास असावाच लागतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर पदव्युत्तर पदवी नसतानाही आयुष्यभर संख्यांमध्ये रमले. अंक सारखेच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करत जावे, म्हणजे शेवटी ६१७४ हीच संख्या हाती येते, हे त्यांनी १९४९ मध्ये मांडले. त्यांच्यासारख्या गणितज्ञाला हा शब्द शोभतो. केवळ वेळ न पाळणाऱ्या किंवा दिलेला शब्द विसरणाऱ्या माणसालाही हल्ली मृत्युलेखांतून सर्रास अवलिया म्हटले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘अवलिया शिक्षक’ ही रचना व्याकरणदृष्ट्याही निर्दोष आहे. शिक्षिकेविषयी लिहायचे झाल्यास वेगळे स्त्रीलिंगी रूप घडवण्याची गरज नाही. ‘त्या एक अवलिया होत्या’ असे खुशाल लिहावे. आपले शीर्षकही कायम ठेवावे; मात्र त्या शिक्षकांना कशाचा ध्यास होता, हे लेखात स्पष्टपणे आलेले असावे.