काचेच्या विटांचं टेस्टिंग कशाला?

प्रश्न : सर, दादरला आमच्या सोसायटीच्या जिन्यात ग्लास ब्लॉक बसवायचे ठरलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो टेस्टिंगची काही गरज नाही, काच जाड आहे. खरंय का?

उत्तर : नाही, अजिबात ऐकू नका! ग्लास ब्लॉक म्हणजे काचेचे दोन अर्धे भाग गरम असतानाच एकमेकांना चिकटवलेले असतात, आत पोकळी, आणि ते नीट हळूहळू थंड केले नसतील तर काचेत ताण अडकून बसतो जो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. लॅबमध्ये ब्लॉक पोलरायझ्ड प्रकाशात (खास फिल्टरमधून एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश) धरला की रंगीत पट्टे दिसतात, तिथे कळतं. मग कॉम्प्रेशन मशीनमध्ये दाबून बघतात, पण वरखाली सपाट थर देऊन, नाहीतर एका टोकावर भार येऊन चांगला ब्लॉकही फुटतो आणि रिपोर्ट चुकीचा येतो. गरम पाण्यातून थंड पाण्यात टाकायची टेस्ट पण मागा, कारण उन्हात तापलेल्या भिंतीवर पावसाची पहिली सर पडते तेव्हा नेमकं हेच होतं.

एकाच ब्लॉकवर भागवू नका, तुमच्या साइटवर आलेल्या मालातूनच पाच-सहा द्या.

आणि मेन म्हणजे, टेस्ट पास झाली तरी त्या भिंतीवर स्लॅबचा किंवा बीमचा भार अजिबात द्यायचा नाही, बाजूला आणि वर फुगायला जागा सोडायचीच, ब्लॉकमधल्या सांध्यांत घालायच्या सळ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, आपल्या खाऱ्या हवेत साध्या सळ्या गंजून फुगतात आणि काच तडकते.