नालासोपाऱ्यात नव्याने राहायला आलेल्या वहिनींसाठी

वहिनी, सामान लावण्याआधी शेजारी पाण्याची वेळ विचारून घ्या. पिंपं भरली की झाकणं घट्ट लावा; डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात.

भाऊजींना सांगा, सकाळी चर्चगेटची गाडी इथून पकडायचा हट्ट नको. बरेच जण आधी उलटं विरारला जाऊन बसून येतात. पास मात्र विरारपासूनचा काढायचा, नाहीतर टीसी दंड लावतो.

भाडेकरार नोंदवूनच घ्या. घरमालक कुरकुरेल, कुरकुरू दे. पोराला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवर शाळेत घालायचं, तर भाड्याने राहणाऱ्यांना नोंदवलेला करारच पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. साधा स्टॅम्पपेपर दाखवून हात हलवत परत आलेल्या बायका मी पाहिल्यात.

खोली तळमजल्याची आहे ना? मग जूनआधीच फ्रिजखाली विटा लावा. तांदळाचा डबा, मिक्सर आणि कागदपत्रांची पिशवी पोटमाळ्यावर. गल्लीत पाणी चढलं की मोरीतूनही उलटं येतं, म्हणून जाळीवर पाटा ठेवायचा.

आणि हो, भिशीत लगेच शिरू नका. कोण कशी आहे ते कळायला गणपती-दिवाळी जाऊ द्या.