घरी येतं, पेपरात का नाही?

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे. घरी विचारलं की घडाघडा सांगते. परीक्षेत मात्र 'पाटी कोरी झाली' म्हणते. अभ्यास कमी पडतोय का?

उत्तर : ती सांगत असते तेव्हा पुस्तक कुणाच्या हातात असतं, ते आठवा. बहुधा तुमच्या. ती अडली की पहिला शब्द तुम्ही नकळत पुटपुटता आणि गाडी पुढे जाते. पेपरात तो शब्द पुरवायला कुणी नसतं.

शिवाय चिंता जागा खाते. गणित सोडवताना हातचे आणि मधली पायरी डोक्यात धरून ठेवायला जी तुटपुंजी जागा असते, तिथेच 'नापास झाले तर?' हा विचार ठाण मांडून बसतो. उत्तर पुसलेलं नसतं. म्हणून तर पेपर देऊन जिना उतरताना ते लख्ख आठवतं.

आता पुस्तक मिटून, घड्याळ लावून, कागदावर लिहू द्या. तुम्ही खोलीबाहेर. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा धडा पुन्हा वाचलेले विद्यार्थी पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिलेल्यांनी बाजी मारली. वाचून उठल्या उठल्या 'सगळं येतंय' वाटतं, ती अशी फसगत असते.

प्रश्न : प्रश्नपत्रिका हातात आली की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. सगळे म्हणतात शांत हो. जमत नाही.

उत्तर : मग नको होऊस. ही ॲड्रेनलिनची, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या रसायनाची, करामत आहे, ती हुकमाने थांबत नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४च्या प्रयोगात भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणारे सरस बोलले. धडधड तीच, नाव वेगळं. पेन खाली ठेव, चार-पाच वेळा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. मग येणारा प्रश्न आधी सोडव, तो कितव्या क्रमांकाचा का असेना. पहिलाच प्रश्न अवघड निघाला म्हणून एक मुलगा माझ्यासमोर वीस मिनिटं नुसता समास आखत बसला होता. एक झाला, पुसून दुसरा, मग तिसरा. पाचवा प्रश्न त्याला तोंडपाठ होता!

प्रश्न : 'पेपर कसा गेला?' हेही विचारायचं नाही का?

उत्तर : विचारा की. फक्त प्रश्नपत्रिका घेऊन एकेक उत्तर पडताळायला बसू नका. आधी खाऊ द्या.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एका विद्यार्थिनीला परीक्षेच्या सकाळी उलट्या होतात. आई-वडील 'नाटकं' म्हणतात. तुमचं मत?

उत्तर : नाटकं नाहीत. घाबरल्यावर पोट खरोखरच बिघडतं. एखाद्या सकाळपुरतं असेल तर वरचे उपाय करून पाहा. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, शाळेला यायचंच टाळते, असं असेल तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा, आणि पालकांना हे तुम्हीच समजावा. ती 'मी नसलेलीच बरी' अशा अर्थाचं काही बोलली, तर मात्र त्याच दिवशी. परीक्षा होऊन जाऊ दे, असं म्हणू नका. आणि मदत मिळेपर्यंत तिला एकटं सोडू नका.