दुसऱ्या गुडघ्यालाही ब्लॉक घ्या, पण गोळ्यांच्या वेळा आधी लिहून घ्या

बाबांची गुडघ्याची वाटी बदलली, मांडीत ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) दिला, संध्याकाळी उठून बसून चहा प्याले आणि पहाटे कळांनी ओरडायला लागले, हे तुमचं वाचलं आणि आईची ती रात्र डोळ्यांसमोर आली. ब्लॉक फसला का आणि दुसऱ्या गुडघ्याला नको म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मते ब्लॉक घ्याच. फसला असता तर संध्याकाळीच दुखलं असतं. एकदाच दिलेल्या इंजेक्शनचा असर साधारण १२ ते २४ तास टिकतो. तो ओसरला की ठणका एकदम उसळतो आणि सकाळी ऑपरेशन झालेल्यांना बहुतेक रात्रीच गाठतो.

आमच्या कोल्हापुरातल्याच एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) आईच्या फाईलवर दुखण्याचं औषध ‘एसओएस’ लिहिलेलं, म्हणजे मागितलं तरच द्यायचं. आई जोतिबाचा डोंगर पायी चढणारी, सोसणारी बाई. संध्याकाळी सिस्टरनी “दुखतंय का?” विचारलं, ती “नाही” म्हणाली, गोळी राहिली. ड्युटी बदलली. रात्रीच्या सिस्टरना ब्लॉक किती वाजता दिलाय हेच माहीत नव्हतं. कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांना फोन, मग चिठ्ठी, मग खाली काउंटरवर “आधी पैसे भरा”. कॅशलेस मंजूर असताना! तोवर आई पलंगाची दांडी धरून रडत होती. पुढे फिजिओथेरपीवाले आले की ती पाय आखडूनच घ्यायची. तिचा गुडघा वाकायला उशीर झाला तो त्या रात्रीमुळे, असं मी आजही म्हणेन. दुखत नाही म्हणून औषध न देणं मला कधीच पटणार नाही. ब्लॉक उतरायच्या आधीच गोळी पोटात हवी.

म्हणून भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच गाठा. ब्लॉक कुठला, किती वाजता, कधी उतरेल, औषध सोडत राहायला नसेजवळ बारीक नळी (कॅथेटर) ठेवणार का, सगळं विचारा. मांडीच्या मध्यावर देतात त्या अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉकमध्ये मांडीची ताकद बरीचशी राहते. जांघेत देतात त्या फेमोरल ब्लॉकमध्ये पाय लुळा पडून तोल जायची भीती जास्त. गुडघ्याच्या मागची कळ अ‍ॅडक्टरनं फारशी जात नाही, त्यासाठी आयपॅक नावाचं वेगळं इंजेक्शन असतं. पॅरासिटामॉल ‘एसओएस’ नको, ठरावीक वेळेला लिहून मागा. सुजेवरच्या गोळ्या मात्र क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघूनच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.

आणि हो, उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली ठेवा. पाय हलका वाटला तरी वॉकर आणि सोबत माणूस असल्याशिवाय बाथरूमला सोडू नका. ब्लॉक उतरल्यावरही पाऊल वर उचलत नसेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर राउंडची वाट न बघता लगेच डॉक्टरांना बोलवायला लावा.