ताती ‘मूक’ की ‘अबोल’?

फ्रेंच नट-दिग्दर्शक जाक ताती (१९०७–१९८२) यांची मराठीत ओळख करून देताना ‘मूकपटांचे कलावंत’ असं लिहिलेलं चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते मुळीच चालणार नाही.

‘मूकपट’ हा शब्द तंत्राशी बांधलेला आहे. चित्रफितीला ध्वनीची जोडच नाही, तो मूकपट. म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मूकपट आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) बोलपट. तातींचा पहिला मोठा चित्रपट ‘जूर द फेत’ १९४९ साली पडद्यावर आला, तोवर बोलपट चांगले रुळले होते. शिवाय त्यातला सायकलवरचा पोस्टमन सारखा काही ना काही पुटपुटत असतो. (कमल हासनच्या ‘पुष्पक’लाही सर्रास मूकपट म्हणतात. तोही संवादाविना आहे, ध्वनीविना नाही.)

गोंधळाचं मूळ बहुधा रंगमंचावर आहे. १९३०च्या दशकात ताती पॅरिसच्या म्युझिक हॉलमध्ये टेनिसपटू, मुष्टियोद्धा, गोलरक्षक यांच्या नकला एक शब्दही न उच्चारता करत. घोडेस्वाराच्या नकलेत तर स्वारही तेच आणि घोडाही तेच. लेखिका कोलेत यांनी त्याचं भरभरून कौतुक केलं होतं. त्या काळापुरता ‘मूकाभिनय’ हा शब्द चपखल बसतो.

पुढे १९५३ सालच्या चित्रपटात त्यांनी मस्य (म्हणजे श्रीयुत) उलो हे पात्र उभं केलं: उंच, पुढे झुकलेला, तोंडात पाइप. समुद्रकाठच्या हॉटेलात त्याला नाव विचारतात. पाइपमुळे उत्तर कळत नाही, तेव्हा समोरचा माणूस पाइप काढून घेतो आणि मग ‘उलो’ हा शब्द ऐकू येतो. हा माणूस मुका नाही, अबोल आहे. मराठीने हा भेद नेमका जपलाय: मुक्याला बोलता येत नाही, अबोल माणूस बोलण्याच्या फंदात पडत नाही. फक्त ‘अबोला’ लिहू नका, त्यात रुसवा येतो आणि उलो कुणावर रुसत नाही.

‘मूक’ म्हणण्याला माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. ताती चित्रीकरणानंतर एकेक आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून चित्राला जोडत. उलोच्या त्या १९५३च्या चित्रपटात रेल्वे स्टेशनवरच्या भोंग्यातून नुसती खरखर ऐकू येते आणि माणसं एका फलाटावरून दुसऱ्यावर धावत सुटतात. हॉटेलच्या भोजनगृहाचं दार दर खेपेला ‘डुंग’ असं वाजतं. ऑस्कर मिळालेल्या ‘मों ओंक्ल’मध्ये (१९५८) घंटी वाजली की घरची बाई आधी बागेतला माशाचा कारंजा चालू करायला धावते, मग त्याची ती गुळगुळ. ‘प्लेटाइम’मधल्या (१९६७) प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या बसता-उठता सुस्कारे टाकतात. याच चित्रपटासाठी त्यांनी पॅरिसजवळ अख्खं नगर उभारलं आणि ते कर्जात बुडाले. ज्या माणसाने दाराच्या आवाजावर इतकी मेहनत घेतली, त्याच्या चित्रपटांना मूक म्हणणं हा अन्याय आहे.

तेव्हा रंगमंचावरच्या तातींना ‘मूकाभिनेते’ म्हणा, उलोला ‘अबोल’ म्हणा आणि चित्रपटांबद्दल ‘संवाद मोजके, ध्वनी मुबलक’ असं सरळ लिहा. आडनावही ‘टाटी’ नको. फ्रेंच ‘त’ आपल्या ‘तबल्या’तलाच.