सबवूफर आधी सोफ्यावर बसवा

प्रश्न : काका, नमस्कार. जुळे सोलापुरात आम्ही नुकताच दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर. हॉल १३ बाय ११ फूट, उंची १० फूट. मामेभावाची बदली झाली तेव्हा त्याने जाता जाता रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि ४ इंची कोनांचे (स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यांचे) पाच छोटे स्पीकर स्वस्तात देऊन टाकले. आता फक्त सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचा (बेसचा) वेगळा बॉक्स, घ्यायचाय. बजेट २० हजार. एक दुकानदार म्हणतो १२ इंचीशिवाय मजा नाही. दुसरा ८ हजारात '५००० वॅट'वाला देतोय. धाकटा भाऊ गणपती मंडळात आहे, त्याला 'डॉल्बी'सारखा दणका पाहिजे. आई म्हणते, छातीत धडधडलं तर मी चालले माहेरी. खाली निवृत्त गुरुजी राहतात. काय घेऊ, आणि कुठं ठेवू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी तुमच्या भावाचं बघू. आपल्याकडं ट्रॅक्टरवर बॉक्सची भिंत रचली की ती डॉल्बी. रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती आवाज वाढवायला नव्हे, टेपवरची सरसर कमी करायला. माझ्या नव्या पेठेतल्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी' लिहिलेलं बटण असायचं. ते दाबलं की टेप शांत व्हायची. त्याच नावानं आज खिडक्यांच्या काचा हादरतात. भावाला एवढंच सांगा की मिरवणुकीतला आवाज उघड्या रस्त्यावर विरून जातो, म्हणून तिथं भिंतभर बॉक्स लागतात. तुमच्या हॉलला चार भिंती आहेत. आवाज जाणार कुठं?

आता ५००० वॅटचं. घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा. २३० व्होल्टनं गुणा, १३८० वॅट झाले. ५००० वॅट ओढायचे तर जवळपास २२ अँपिअर लागतील. तुमचा गिझरसुद्धा एवढं ओढत नाही. मग हे ५००० आले कुठून? खोक्यावर बारीक अक्षरात 'पीएमपीओ' छापलेलं असेल, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा. तो आकडा वाचायचाच नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी खरी ताकद किती, ते विचारा. दुकानदार अडखळला तर बॉक्सच्या पाठीमागची पट्टी वाचा, त्यावर वीज किती खातो ते लिहिलेलं असतं. ६० वॅट खाणारं यंत्र सलग ५००० वॅट ओकू शकत नाही. आणि खऱ्या वॅटचाही फार मोह नको. १०० चे २०० केले तरी आवाज ३ डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम कळेल एवढाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

मला विचाराल तर आरएमएसच्या आधी मी बॉक्स उचलून बघतो. दोन बोटांत उचलला गेला तर समजायचं, मॅग्नेट बटणाएवढं आणि फळी पुठ्ठ्याची. बोटाच्या पेरानं बाजूवर टकटक करा. पत्र्याच्या डब्यासारखा बोलला तर तिथंच सोडा. ह्याच कारणानं तुमच्या बजेटमध्ये हलक्या १२ इंचीपेक्षा जड १० इंची बरा. कोन मोठा तर हवा जास्त हलते, हे खरंच आहे. आवाज एक सप्तक खाली न्यायचा आणि जोर तेवढाच ठेवायचा तर चौपट हवा हलवावी लागते. पण ती हलवायला मागे ताकद आणि भोवती घट्ट पेटी नको का? ८ इंची मात्र घेऊ नका. सहा महिन्यांत तुम्हीच विकायला काढाल.

बॉक्सला हवा आत-बाहेर जायचं भोक असावं की नसावं, यावर माणसं तावातावानं भांडतात. बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरायची युक्ती एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली. तिचा बेस खाली जाताना हळूहळू उतरतो. भोकवाला बॉक्स तेवढ्याच पैशात जास्त जोर देतो, पण त्याची हद्द संपली की दुप्पट उतारानं कोसळतो. सिनेमासाठी आणि २० हजारांत तुम्हाला बहुधा भोकवालाच मिळेल, घ्या. भोक मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून वीतभर जागा सोडा. आणि दिवाळीच्या सफाईत आत एकदा बॅटरी मारून बघत जा. दुरुस्तीला आलेल्या बॉक्सच्या भोकातून मी पालीची अंडी काढलीत, गोट्या काढल्यात, एकदा कुणाच्या तरी नातवाचा मोजासुद्धा.

आता जागेचं. सगळे प्रश्न इथंच सुटतात किंवा इथंच अडतात, आणि दुकानात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. प्रत्येक खोलीचे आपापले लाडके सूर असतात. ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा. १३ फुटांना ४३, ११ फुटांना ५१, उंचीच्या १० फुटांना ५६. एवढ्या हर्ट्झचे (सेकंदाला एवढ्या कंपनांचे) सूर तुमचा हॉल स्वतःच फुगवणार. पण ते सगळीकडे सारखे फुगत नाहीत. भिंतीपाशी ढुम्म, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तोच सूर गायब. मे महिन्यात हॉल ४० अंशांवर गेला की आवाजाचा वेग वाढतो आणि हे आकडे एक-दोन हर्ट्झनं वर सरकतात, पण त्याची चिंता कूलर करेल. त्याच्या घरघरीत तुम्हाला काही ऐकूच येणार नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, फजिती होऊन शिकलो. माझा पहिला सबवूफर १२ इंची होता. शोकेसजवळ ठेवला आणि माझी खुर्ची हॉलच्या मधोमध. बेस येईना. आवाज वाढवला, तरी येईना. आणखी वाढवला तर स्वयंपाकघरातून बायकोची हाक, "मांडणीवरचे डबे नाचायला लागलेत, बंद करा ते!" आठ महिने मी बॉक्स बिघडलाय असं धरून चाललो. दोनदा उघडला, टाके तपासले. एका रविवारी मुलगी भिंतीला टेकून गृहपाठ करत होती. ती म्हणाली, "बाबा, इथं बघा ना किती धडधडतंय." खुर्ची दोन फूट मागे घेतली, संपला विषय. जन्मभर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला चौथीतल्या पोरीनं शिकवलं. आता दुकान तीच बघते. डब्यांपैकी शेंगाचटणीचा डबा तेवढा अजून वाजतो, त्याखाली कापड घातलंय.

तर तुम्ही असं करा. सोफा त्याच्या जागी ठेवा, खोलीच्या अगदी मध्यावर नको. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही बसता त्या जागी. खालच्या पट्टीतलं काहीतरी सलग वाजत ठेवा आणि तुम्ही गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं फिरा, कान जमिनीपासून फूटभर वर. आई हसेल, हसू द्या. काही ठिकाणी आवाज घुमेल, काही ठिकाणी पोकळ वाटेल. जिथं प्रत्येक सूर वेगळा आणि सारखा ऐकू येतो तिथं खडूनं फुली मारा. सबवूफर तिथं ठेवा, सोफ्यावर तुम्ही बसा. कोपऱ्यात जोर सर्वांत जास्त मिळतो, पण घुमतोही सर्वांत जास्त. कोपरा शेवटी तपासा.

वाजवून बघायला स्फोटांचे सिनेमे नकोत. स्फोट चुकीचा वाजला हे कळणार कसं? भजनातला पखवाज लावा. कणीक लावलेल्या बाजूची थाप आपल्या सगळ्यांच्या कानात लहानपणापासून आहे. ती 'धुम्' करून थांबली पाहिजे. पुढची थाप येईपर्यंत घोळत राहिली तर जागा चुकली किंवा आवाज जास्त झाला. नंतर बातम्या लावा. निवेदक पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर क्रॉसओव्हर वर गेलाय. तो काय, ते आता सांगतो.

क्रॉसओव्हर म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातला बांध. सगळे ८० हर्ट्झ सांगतात, कारण त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही. पण तुमचे स्पीकर ४ इंची. त्यांना ८० पर्यंत उतरवलं तर दमतील. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' करा, बांध १०० वर घाला, फार तर १२०. मग सबवूफरची फुली टीव्हीच्याच बाजूला शोधा, नाहीतर माणसाच्या आवाजाचा तळ सोफ्यामागून येईल. सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर. दोन-दोन बांध घालायचे नाहीत. फेजचं बटण ० आणि १८० दोन्हीकडं करून बघा, सोफ्यावर बेस ज्यात भरीव लागेल ते ठेवा. रिसीव्हरच्या मागे 'सब आऊट'चं भोक आहे ना, हे मात्र पैसे देण्याआधी बघा. जुन्या काही संचांत ते नसतं.

गुरुजींचं काय? भिंतींना चादरी लावल्या तर चालेल का, असं इथं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. सोलापूर आहे, चादरींना काय तोटा! चादरीनं टाळीचा खणखणाट कमी होतो, संवाद स्वच्छ होतात, जरूर लावा. पण ४३ हर्ट्झची लाट ८ मीटर लांब, तिला चादर दिसतसुद्धा नाही. बॉक्सच्या पायांखाली जाड रबर किंवा चादरीची घडी घातली तर स्लॅबमधून उतरणारी थरथर कमी होते. हवेतून जायचा तो आवाज जातोच. रात्री १० नंतर रिसीव्हरचा 'नाइट मोड' लावा, तो मोठे आवाज दाबून धरतो. आवाज लहान केला की बेस सगळ्यांत आधी नाहीसा होतो, हा कानाचाच स्वभाव आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी तो मोजून दाखवला. म्हणून रात्री बेसचं बटण वाढवायचा हात शिवशिवतो. तो आवरा. आणि पहिल्या रविवारी गुरुजींनाच वर बोलवा, चहा पाजा, त्यांच्या पसंतीचं काही लावा. नंतर फोन येण्याआधी ते जिना चढून सांगायला येतील.

प्रश्न : गाडीतून काढलेला १२ इंची सबवूफर आणि त्याचा ॲम्प्लिफायर घरी पडून आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर हॉलमध्ये चालवता येईल का? – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : चालतो, पण गाडीसारखा वाजत नाही. गाडी म्हणजे बंद डबी. तिच्यात अगदी खालचा बेस आपोआप वाढतो आणि गाडीचे बॉक्स तो हिशेब धरूनच बांधतात. तोच बॉक्स हॉलमध्ये आणला की पातळ वाटतो. सप्लायवर १२ व्होल्टला १२ अँपिअर लिहिलेले असतील तर तुमच्या हाती १४४ वॅट आहेत, ॲम्प्लिफायरवर काहीही छापलेलं असो. जोराची थाप आली की सप्लाय बंद पडेल. हौस म्हणून करा. फ्यूज काढू नका.

प्रश्न : नवीन सबवूफर चालू केला की गाणं नसतानाही सतत घूंऽऽ असा आवाज येतो. दुकानदार म्हणतो अर्थिंगची पिन काढून टाका. – एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : पिन अजिबात काढायची नाही. ती तुमचा जीव वाचवायला आहे. आधी सबवूफरची सिग्नलची वायर उपटा. घूं थांबला नाही तर दोष बॉक्समध्ये, वॉरंटीत परत द्या. थांबला तर वायर परत जोडा आणि टीव्हीच्या मागची केबलची वायर उपटा. दहातल्या सहा-सात वेळा मला चोर तिथंच सापडलाय. केबलवाल्याची अर्थिंग वेगळी, घराची वेगळी, आणि दोन्हींच्या मधे विजेचा ५० हर्ट्झ फिरत राहतो. केबलवर लावायचा आयसोलेटर मिळतो, तो ही अर्थिंगची जोड तोडतो, तो बसवा. तोवर टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. त्या बोर्डाला इस्त्री जोडू नका.