'फ्लो' म्हणजे प्रवाह नव्हे

प्रश्न असा आला आहे: "आवडत्या हिप-हॉप अल्बमांवर मराठीत टिपण लिहितोय. 'रॅकिमचा प्रवाह जबरदस्त आहे' असं वाक्य लिहिलं, तर मित्र म्हणाला, नदीवर लिहितोयस का? 'फ्लो'ला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि फ्लोच ठेवला तर तो चालवायचा कसा, फ्लोचा की फ्लोवाचा?"

मित्राचं बरोबर आहे. फ्लो म्हणजे रॅपरची ठेक्यावर शब्द म्हणण्याची ढब. प्रवाह म्हटलं की आपल्यापुढे पाणी येतं, वीज येते, फार तर 'मुख्य प्रवाह' येतो. माणसाचा आवाज येत नाही. त्याहून जवळचा शब्द ओघ. वक्त्याची वाणी ओघवती असते, कीर्तनकार बोलण्याच्या ओघात कुठल्या कुठे जाऊन येतो. पण ओघात न अडखळण्याचं कौतुक आहे, आणि रॅपमध्ये मुद्दाम अडखळण्यालाही मोल असतं. (पुस्तकाच्या परीक्षणात 'ओघवती भाषा' दिसली की परीक्षणकर्त्याने पुस्तक नुसतं चाळलंय, असा मला संशय येतो.) 'चाल' कुणी सुचवेल, पण चाल लावतात ती सुरांची, आणि रॅपमध्ये सूर बहुतेकदा मागच्या बाकावर असतो.

माझं मत विचाराल तर फ्लो फ्लोच राहू द्या. फक्त तो शब्द लिहून थांबू नका, कारण ते गाठोडं आहे. 'फ्लो एकदम भारी' यातून तुम्ही खूश झालात एवढंच कळतं. गाठोडं सोडलं की आतल्या जिनसांना आपल्याकडे आधीपासून नावं आहेत. अक्षरं ठेक्यावर कुठे आणि किती पडतात, ती लयकारी. ओळीत कुठे थांबलं, श्वास कुठे घेतला, त्याला छंदशास्त्रात यती म्हणतात. आवाज कसा टाकला, ती नाटकवाल्यांची शब्दफेक. आजच्या पोरांना 'फेक' म्हटलं की थापा आठवतात हे खरं, पण रॅपमध्ये बढाई असतेच, त्यामुळे बिघडत काही नाही. राहिलं यमक, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता तुमच्या रॅकिमकडे येऊ. त्याचा 'पेड इन फुल' हा अल्बम 1987 मध्ये आला तेव्हा तो 19 वर्षांचा होता. तोवरचे बहुतेक रॅपर ओळीच्या शेवटी यमक ठोकून मोकळे होत. रॅकिम सॅक्सोफोन वाजवणारा, जॅझवाल्या कोल्ट्रेनचा भक्त. तो यमक ओळीच्या पोटात पेरतो आणि वाक्य ओळीबाहेर वाहू देतो. हे आपल्या कानाला परकं वाटायचं कारण नाही. मोठ्या अभंगाचं माप बघा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक जुळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं, आणि चार अक्षरांचा शेवट तसाच उघडा राहतो. वारकऱ्यांच्या कानावर हे सातशे वर्षं पडतंय. हिप-हॉप जिथे जन्मलं त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सचं मूळ पंढरपुरात शोधायला मी निघालेलो नाही. कान तयार आहे, इतकंच.

नॅसच्या 'इलमॅटिक'बद्दल (1994) बोलताना सगळे त्यातल्या चित्रांचं कौतुक करतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजचे जिने, खिडक्या, पोलीस. वीस वर्षांच्या पोराने चाळीसेक मिनिटांत उभं केलेलं. मला त्यातला श्वास जास्त आवडतो. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड'मध्ये सुरुवात कशी करू कळत नाही, असं तो पुटपुटतो, आणि मग जो सुटतो तो सुटतोच. ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, यती कुठे ठेवलाय ते शोधावं लागतं. यालाच कुणी ओघ म्हणालं, तर मी भांडणार नाही.

याच्या अगदी उलट रॅपर एमएफ डूमचा 'मॅडव्हिलनी' (2004). बावीस तुकडे, सगळे मिळून पाऊण तास. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कंटाळून बंद केला होता, हे कबूल करतो. एमएफ डूमची शब्दफेक जवळजवळ सपाट, नुकताच झोपेतून उठल्यासारखी. पण तीन-तीन, चार-चार अक्षरांची यमकं तो एकामागून एक लावत जातो, आणि समेच्या किंचित मागून येतो. तबलजी ज्याला अतीत म्हणतात त्याची आठवण होते. शब्दफेक आळशी, लयकारी कमालीची जागी. हे वाक्य नुसत्या 'फ्लो'ने लिहिताच आलं नसतं.

केंड्रिक लमारच्या 'टू पिम्प अ बटरफ्लाय'मध्ये (2015) 'यू' हे गाणं ऐका. घसा बसलेला, हुंदका मध्ये येतोय, शब्द तुटतायत. तिथे लयकारी मोजत बसणारा माणूस मला भेटू नये. तिथलं सगळं काम शब्दफेकीचं.

आणि मिगोस या रॅपर-त्रिकुटाच्या नावाने ओळखला जाणारा तो 'ट्रिपलेट फ्लो', ज्याच्यासाठी लोक शब्द शोधत फिरतात? ती साधी तिगुन: एका मात्रेत तीन अक्षरं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचे रॅपर नव्वदच्या दशकातच ती वापरत होते. मिगोसने 2013 नंतर घराघरांत पोचवली. त्यांचा 'कल्चर' अल्बम मला सलग ऐकवत नाही. तिगुन जेवणात लोणच्याइतकी हवी.

राहिला व्याकरणाचा प्रश्न. फोटो, रेडिओ जसे चालतात तसाच फ्लो चालवा: फ्लोचा, फ्लोला, फ्लोमध्ये. अनेकवचनीही फ्लोच, आणि विभक्ती लागली की अनुस्वार: 'दोघांच्या फ्लोंमधला फरक'. 'फ्लोवाचा' मी तरी कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. तुम्ही 'अल्बमांवर' लिहिलंत, 'अल्बम्सवर' नाही, त्याबद्दल माझ्याकडून एक चहा लागू.